वजन उतरल्यावर शिवलेले कपडे मापात आणताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर किंवा कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर घाम गाळणारे बरेच नाशिककर कधी ना कधी पिशवीभर कपडे घेऊन शिंप्याकडे येतात. वजन उतरल्याचा आनंद असतो आणि पिशवीतल्या कपड्यांची काळजीही असते. चांगलं कापड, मापाची शिलाई, चारदोन वेळाच अंगाला लागलेला कोट, एवढं सगळं टाकून द्यायचं का? बहुतेक कपडे वाचतात, सगळे वाचत नाहीत. कुठला वाचेल हे कंबरेवरून ठरतं असं लोकांना वाटतं, पण खरं तर ते खांद्यावरून आणि मुंढ्यावरून (बाही जिथे जोडतात त्या गोलाईवरून) ठरतं. दुकानात रोज जे विचारलं जातं त्याची उत्तरं खाली दिली आहेत.

वजन अजून उतरतंय. कपडे आत्ताच अल्टर करून घेऊ का?

थांबा. वजन दोन-तीन महिने एका जागी टिकलं की मग या. एकच शिवण पुन्हा पुन्हा उसवली की त्या ओळीतलं कापड कमजोर होतं. तलम सुती आणि रेशमी कापड तर तिथूनच विरायला लागतं.

तोवर ऑफिसला काय घालायचं, हा प्रश्न खराच आहे. त्यासाठी दोन पँटी आणि दोन-तीन शर्ट बाजूला काढा आणि त्यांना आतून लांब टाक्याची कच्ची टीप मारून घ्या. काहीही कापायचं नाही. पुढे आणखी उतरलात तर हा दोरा ओढून काढता येतो आणि कापडावर खूणही फारशी राहत नाही. बाकीचे कपडे कपाटात राहू द्या. या मधल्या काळात महागाचं कापड घेऊन नवीन काही शिवायला टाकू नका, अशी आमची कळकळीची विनंती आहे. तीन महिन्यांत तेही ढगळ झाल्यावर फार वाईट वाटतं.

किती किलो उतरल्यावर कपडे अल्टर होत नाहीत?

किलोवरून काही सांगता येत नाही. १० किलो उतरलेल्या दोघांपैकी एकाचं सगळं पोट गेलेलं असतं, तर दुसऱ्याचे खांदे, दंड, मान असं सगळीकडूनच थोडं थोडं कमी झालेलं असतं. पहिल्याचे कपडे सहज मापात येतात. दुसऱ्याचं वजन तेवढंच उतरलेलं असूनही त्याचं काम दुप्पट असतं. म्हणून टेप लावून छाती, पोट, सीट आणि खांदा मोजा आणि जुन्या मापाशी ताडून बघा. जुन्या शिंप्याच्या वहीत तुमची मापं असतीलच, ती मागून घ्या.

कपडा वाचेल की नाही, हे घरी कसं ओळखायचं?

आरशासमोर उभं राहून खांदा बघा. खांद्याचं हाड जिथे संपतं आणि हात सुरू होतो, तिथे बोटाने दाबा. बाहीची शिवण त्या जागी किंवा अर्धा इंच बाहेर असेल तर काळजी नको. इंचभर बाहेर लोंबत असेल तर काम वाढलं. दीड-दोन इंच बाहेर असेल तर तो कपडा खरंच एवढा जिवाचा आहे का, याचा विचार करा.

कोटासाठी आणखी एक सोपी चाचणी आहे. कोट घालून भिंतीला कड लावून उभे राहा आणि हळूहळू भिंतीकडे झुका. हाताच्या आधी खांद्याचं पॅड भिंतीला टेकून दबलं, तर कोटाचा खांदा तुमच्या खांद्यापेक्षा मोठा आहे.

त्यानंतर कापड उजेडात धरा. मांड्यांच्या आतल्या बाजूला, सीटवर, कोपरापाशी आणि कॉलरच्या घडीवर ते जाळीसारखं विरळ दिसत असेल तर त्यावर पैसे घालू नका.

पँट किती इंच कमी होते?

शिवलेली पँट अल्टर करायला सगळ्यात सोपी. आपल्याकडे शिंपी कंबरपट्टा मागच्या बाजूला मधोमध जोडून ठेवतात आणि तिथे आत मायाही (शिवणीत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड) असते. त्यामुळे पट्टा पूर्ण न काढता मागची मधली शिवण पट्ट्यापासून आसनापर्यंत उसवून कंबर आणि सीट दोन्ही आत घेता येतात. २ ते ३ इंच इथूनच निघतात, आणि वरून काहीच कळत नाही.

त्याच्या पुढे गेलं की मागचे दोन्ही खिसे एकमेकांकडे सरकू लागतात. ४० ची कंबर ३४ वर आणायची आणि सगळे सहा इंच मागूनच घ्यायचे म्हटलं, तर खिसे जवळजवळ चिकटतात. बाजूच्या शिवणीही मागे ओढल्या जातात आणि पुढचे खिसे तोंड उघडून बसतात. अशा वेळी पट्टा पूर्ण काढून बाजूच्या शिवणींतूनही घ्यावं लागतं. पुढे प्लेट (कंबरेच्या चुण्या) असतील तर त्या सोडून सपाट पुढा करता येतो का, हेही बघतो. काम वेळखाऊ आहे, पण चांगल्या कापडाच्या पँटला ते शोभतं.

कंबर झाली, आता पाय. मांडी ढगळ आणि कंबर नेमकी असली की पँट मागून झोळीसारखी लोंबते, म्हणून मांडीपासून मोहरीपर्यंत (पायाच्या खालच्या तोंडापर्यंत) घेर कमी करावा लागतो. तो आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही शिवणींतून सारखा घ्यायला हवा. घाईत फक्त आतल्या शिवणीतून घेतला तर इस्त्रीची घडी पायाच्या मधोमध राहत नाही आणि चालताना पाय पिळवटल्यासारखा दिसतो. दुसरीकडून अल्टर करून आलेल्या पँटांमध्ये हा दोष आम्हाला वारंवार दिसतो.

लांबी सगळ्यात शेवटी. पोट होतं तेव्हा काही जण पँट पोटाखाली नेसत, काही पोटावर. पोट गेल्यावर दोघांचीही पँट वेगळ्या जागी बसते, त्यामुळे जुनी लांबी कुणालाच लागू पडत नाही. कंबर पक्की झाल्यावर बूट घालून मापून घ्या.

जीन्सचं काय?

जीन्सचा पट्टा अखंड असतो, मागे जोड नसतो. तो कापून जोड द्यावा लागतो आणि वरची जाड टीप पुन्हा तशाच रंगाच्या दोऱ्याने मारावी लागते. इंच-दीड इंचापर्यंत बरं दिसतं. त्याहून जास्त असेल तर नवीन घ्या.

शर्ट अल्टर करण्यात अर्थ आहे का?

निवडक शर्टांच्या बाबतीत आहे. नुसता घेर जास्त असेल तर बाजूची शिवण बाहीच्या तोंडापासून काखेतून खालच्या घेरापर्यंत एका ओळीत आत घेतली जाते. प्रत्येक बाजूने इंच-सव्वा इंच सहज निघतो. पाठीवर कापड फुगत असेल तर दोन उभे टक्स (कापड आत चिमटून मारलेल्या निमुळत्या टिपा) घालता येतात. चौकड्याच्या शर्टात बाजूचे चौकडे जुळत नाहीत, तेवढं चालवून घ्यावं लागतं.

खांदा उतरला असेल तर मात्र बाही काढणं, मुंढा नव्याने बेतणं आणि बाही पुन्हा चढवणं, एवढं सगळं आलं. रोजच्या साध्या शर्टासाठी त्या खर्चात थोडी भर घातली की नवीन शर्ट शिवून होतो. लिननचा, खादीचा किंवा आवडीचा एखादा शर्ट असेल तरच करा.

कॉलरबद्दल कुणी विचारत नाही, पण वजन उतरल्यावर मानही बारीक होते. वरचं बटण लावून मानेत दोन बोटं सहज मावली तर ठीक आहे. अख्खी मूठ जात असेल तर कॉलर मोठी आहे. बटण अर्धा इंच सरकवता येतं, त्याहून जास्त सरकवलं की कॉलरची टोकं एकमेकांवर चढतात आणि टाय वाकडा बसतो. मग नवी कॉलरच बसवावी लागते, आणि तिच्यासाठी त्याच कापडाचा तुकडा लागतो. शर्ट शिवून घेताना उरलेला तुकडा परत मागायची सवय अशा वेळी कामी येते.

सुटाचा कोट मापात येतो का?

येतो, पण मर्यादेत. कोटाची मापं छातीवरून २-२ इंचांनी जातात. ४४ चा कोट ४२ वर चांगला येतो. ४० वर आणायला कष्ट पडतात आणि थोडी तडजोडही करावी लागते. ३८ वर आणायचा तर कोट पूर्ण सोडून प्रत्येक भाग नव्याने बेतावा लागेल. ते नवीन कोट शिवण्याहून कठीण आहे, म्हणून आम्ही सहसा नको म्हणतो.

कोट आला की आधी तो अंगावर चढवून एक बटण लावतो. कॉलरखाली पाठीवर आडवी वळी पडते का, बाहीचा माथा खांद्याबाहेर लोंबतो का, छातीवर लेपल (कॉलरखालची दुमडलेली पट्टी) फुगून उघडतं का, हे बघतो. मग पाठीच्या मधल्या शिवणीवर मानेपासून कंबरेपर्यंत टाचण्या लावतो, त्यानंतर बाजूच्या शिवणींवर. टाचण्या लागल्या की गिऱ्हाइकाला स्कूटरचं हँडल धरल्यासारखे हात पुढे करायला सांगतो. त्यात पाठ आवळली तर एक-दोन टाचण्या सैल करतो. आरशासमोर ताठ उभं राहिल्यावर छान दिसणारा कोट खुर्चीत बसल्यावर आवळत असेल तर त्याचा उपयोग नाही.

मग उसवणं. अस्तराची खालची कड हातशिलाईने जोडलेली असते. ती सोडून कोट उलटा केला की पाठीची मधली शिवण हाताला लागते. नवी टीप कॉलरपाशी अगदी शून्यातून निघते, पाठीच्या पात्यांपाशी थोडी आत जाते, कंबरेपाशी सगळ्यात जास्त, आणि पाठीच्या खालच्या कटाकडे (उघड्या चिरेकडे) जाताना हळूहळू परत जुन्या रेषेला मिळते. ही रेघ सरळसोट मारली तर पाठीत फुगा राहतो. टीप झाली की शिवण उघडून ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवायची. अस्तरही तेवढंच आत घ्यायचं, पण पाठीतली सैल चुणी तशीच ठेवायची. ती चुणी गेली तर हात पुढे घेताक्षणी अस्तर फाटतं.

फार आत घेतल्यावर बिघडतं ते इथे : बाजूच्या शिवणी आत गेल्या की पुढचे खिसे मागे सरकल्यासारखे दिसतात, मागचा कट ताणून उघडा राहतो, आणि काखेत मुंढा खोलच राहिल्यामुळे हात वर केला की अख्खा कोट वर येतो. मुंढा वर चढवायला तिथे कापडच नसतं. कापड आत घेता येतं, पण कापून काढलेली खोली भरून काढता येत नाही.

खांदा बारीक करणं हे कोटातलं सगळ्यात अवघड आणि महाग काम. बाही काढायची, अस्तर सोडायचं, खांदा कापायचा, पॅड छोटं करायचं आणि बाहीचा माथा नव्या मुंढ्यात चुण्या न येता बसवायचा. अर्ध्या-पाऊण इंचापर्यंत ते नीट होतं. हे काम ज्याच्या हातचं पाहिलंय त्याच्याकडेच द्या.

कोट कॅनव्हासचा आहे की फ्यूजिंगचा, याने फरक पडतो?

पडतो. कोटाच्या पुढच्या भागाला आकार देणारा आतला थर एकतर सुटा शिवलेला (कॅनव्हास) किंवा चिकटवलेला (फ्यूजिंग) असतो. खालच्या बटणाच्या थोडं खाली पुढचं कापड चिमटीत धरून आतला आणि बाहेरचा थर वेगळे करून बघा. मधे तिसरा थर सुटा हलतोय असं बोटांना जाणवलं, तर आत कॅनव्हास आहे. थर सुटेच होत नसतील तर कापडाला आतून फ्यूजिंग चिकटवलेलं आहे. फ्यूजिंगच्या कोटाची पाठ आणि बाजू खुशाल आत घ्या, पुढच्या भागाला मात्र हात लावू नये. छातीवर आधीच फोड आल्यासारखे बुडबुडे दिसत असतील तर तो कोट संपला.

लग्नातली शेरवानी आहे. पुढे सगळं भरतकाम आहे.

भरतकाम पुढे असेल तर बाजू आणि पाठ एवढ्याच जागा उरतात. तेवढ्यात एका मापाने कमी होते. जाकीट मात्र छान मापात येतं, कारण त्याला बाही नसते. खांदा थोडा आत घेतला आणि मुंढ्याची कड पुन्हा दुमडली की झालं.

कुर्ता किंवा पंजाबी ड्रेस पुढून लांब का दिसतोय? धुतल्याने वाढला का?

कापड वाढलेलं नाही, पोट गेलंय. पोट असताना पुढचं कापड पोटावरून वळून खाली येतं, त्यात त्याची लांबी खर्च होते. समजून शिवणारा शिंपी त्यासाठी पुढा थोडा जास्तच लांब ठेवतो. पोट सपाट झालं की ती लांबी पुढे खाली लोंबते. घेर आत घेतल्यावर कपडा अंगावर घालून खालची कड जमिनीपासून चौफेर मोजा आणि पुढून कमी करा. कोटालाही हेच लागू आहे.

पंजाबी ड्रेसमध्ये कंबर आत घेताना बाजूच्या कटाची सुरुवात तपासा. शिवण सरकली की कट वर-खाली वाटतो, मग तो बंद करून पुन्हा योग्य उंचीवर सोडावा लागतो.

ब्लाउज बाजूने आत टीप मारून घट्ट केले, पण पुढे चुण्या पडतात. का?

हा प्रश्न बायका सगळ्यात जास्त विचारतात. बाजूला आतून एक टीप मारणं प्रत्येक घरात होतं आणि अर्ध्या-पाऊण इंचापर्यंत ते चालतंही. त्यापुढे गेलं की पुढचा भाग काखेकडे ओढला जातो, टक्सची टोकं आपल्या जागेवरून सरकतात आणि कापड तिथे पोकळ उभं राहतं. वजन उतरल्यावर छातीचा भराव कमी होतो आणि उंचवट्याची जागाही थोडी खाली येते. म्हणजे दोन कारणांनी टक्स चुकीच्या जागी पडतात. बाजूने कितीही आवळलं तरी त्या चुण्या जात नाहीत.

त्यासाठी खालची पट्टी सोडायची, टक्स उसवायचे, ब्लाउज अंगावर ठेवून नव्या जागी खुणा करायच्या आणि टक्स पुन्हा घालायचे. मग बाजू, मग पट्टी. कटोरी ब्लाउजला कटोरीच छोटी करावी लागते, प्रिन्सेस कटला उभ्या शिवणीतून सुरेख घेता येतं. पुढे वजन वाढेल-उतरेल असं वाटत असेल तर नवे ब्लाउज प्रिन्सेस कटचेच शिवा, त्यात दोन्हीकडे हलायला जागा असते.

गळा खांद्यावरून घसरत असेल तर पाठीची रुंदी जास्त झालेली असते. खांद्याच्या शिवणीतून थोडं उचलता येतं. तेवढ्याने भागलं नाही तर पाठीवर दोरी लावा. हा साधा उपाय आहे, पण दिसायला छान आणि खात्रीचा.

बाहीचा दंडाचा घेर मोजताना हात वर उचलून, कोपरात वाकवूनही मोजायला लावा. नुसता लोंबत्या हाताचा घेर घेतला तर ब्लाउज घालून केस बांधणं मुश्कील होतं.

पैठणीच्या ब्लाउजला हात लावावा का?

लावावा, पण एकदाच. येवला आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे नाशकात बहुतेक घरांत एक तरी पैठणी आणि तिच्या काठाची बाही असलेला ब्लाउज असतोच. रेशमात सुईचं भोक भरून येत नाही, जरीच्या काठात तर मुळीच नाही. म्हणून आधी हाताने कच्चा धावदोरा घालून ट्रायल घ्यायची, सगळं पटलं की मगच मशिनवर टीप. सुई ९ किंवा ११ नंबरची, नवी, टोक न बोथटलेली. १६ ची जाड सुई घातली तर दोरे ओढले जातात. काठाची बाही घेराने कमी करायची तर जोड काखेखाली लपवायचा, काठ मधे कापायचा नाही.

साडी, फॉल आणि पिको आहे तसंच राहतं. बदलतो तो परकर. जुना ढगळ परकर नाडीने आवळला की कंबरेला चुण्यांचा गठ्ठा होतो आणि निऱ्या नीट बसत नाहीत. त्याच्या कळ्यांतून घेर कमी करून घ्या, काम अगदी थोडं आहे.

उरलेलं कापड कापायचं की आत ठेवायचं?

ठेवायचं. पुन्हा वजन वाढण्याची भीती म्हणून हे सांगत नाही. शरीर वर्षभरात दोन-चार किलो इकडेतिकडे होतंच, आणि आजार, औषधं, वय यांनीही होतं. प्रत्येक शिवणीत साधारण इंचभर माया आत दुमडून राहिली तरी वरून कळत नाही. पँटच्या मागच्या शिवणीत दीड इंचही चालतं. त्याहून जास्त राहिलं की गाठ जाणवते, तेव्हा कापावंच लागतं. आम्ही विचारल्याशिवाय कापत नाही आणि कापलेले तुकडे पुडीत बांधून परत देतो. तुमचा शिंपी देत नसेल तर मागा.

जुन्या शिवणीची रेघ दिसत राहील का?

आत घेताना नाही, कारण जुनी रेघ नव्या शिवणीच्या आत जाते. सैल करताना दिसते. आतली माया उन्हाने आणि धुण्याने विटलेली नसते, बाहेर आली की ती गडद पट्टा दाखवते. म्हणूनच वजन उतरवलेल्यांचे कपडे वजन वाढलेल्यांच्या कपड्यांपेक्षा चांगले सुधारतात. सुती कापडातली भोकं एक-दोन धुण्यांत भरून येतात. रेशीम, मखमल आणि चामड्यात कायमची राहतात.

वजनाचं ऑपरेशन झालंय. काही वेगळं बघावं लागतं का?

हो. अशा ऑपरेशननंतर वजन साधारण वर्ष ते दीड वर्ष उतरत राहतं, त्यामुळे तेवढ्या काळात कच्च्या टिपेपलीकडे काही करू नका. पुष्कळ वजन झपाट्याने उतरलं की दंडाची, पोटाची, मांडीची कातडी सैल राहते. टेप आवळून घेतलेलं माप तिथे फसवं ठरतं, आणि शिवण त्वचेला घासते. दंडाला आणि मांडीला जरा मोकळं ठेवा, अस्तर सुती लावा. याबद्दल संकोच वाटत असेल तर माप घेताना आधीच सांगा. आम्ही माप आतल्या खोलीत घेतो, तिथे दुसरं कुणी नसतं.

मी काहीच केलं नाही, तरी कपडे ढगळ झालेत. कंबर आत घेऊन द्या.

देऊ, पण आधी डॉक्टरांना भेटून या. जेवण-व्यायामात काही बदल न करता सहा महिने ते वर्षभरात वजन ५ टक्क्यांहून जास्त घटलं, म्हणजे ७० किलोच्या माणसाचे साडेतीन किलो गेले, तर डॉक्टर तपासणी करायला सांगतात. मधुमेह, थायरॉइड, क्षयरोग अशी कारणं असू शकतात आणि लवकर कळलं तर उपचार सोपे होतात. वर्षानुवर्षं येणाऱ्या गिऱ्हाइकाचं माप वहीत असतं, त्यामुळे असा फरक घरच्यांच्या आधी कधी कधी आमच्या लक्षात येतो. आम्ही तो बोलून दाखवतो, राग मानू नका.

बाळंतपणानंतर ब्लाउज कधी अल्टर करावेत?

बाळ अंगावर पीत असेपर्यंत नको. छातीचं माप दिवसादिवसाला बदलतं. तोवर पुढून हुक असलेले दोन-तीन साधे सुती ब्लाउज वापरा.

कंपनीचा किंवा पोलिसांचा युनिफॉर्म?

सातपूर-अंबडच्या कंपन्यांत नवा युनिफॉर्म मिळतो का, ते आधी विचारा. मिळत असेल तर तोच घ्या. वर्दी असेल तर खांद्याच्या आणि छातीवरच्या चिन्हांची जागा नियमाने ठरलेली असते, म्हणून हे काम रोज वर्दी शिवणाऱ्याकडेच द्या.

घरी काय काय करता येईल?

हुक आणि बटणं सरकवणं, ब्लाउजला बाजूची एक टीप, परकराचा आणि सुती कुर्त्याचा घेर, पायजम्याच्या नेफ्यात इलॅस्टिक. उसवताना ब्लेड वापरू नका, बाजारात छोटी उसवणी मिळते. दर तिसरा-चौथा टाका कापला की उलट बाजूचा दोरा अलगद ओढून निघतो. कोट, अस्तराचे कपडे आणि रेशीम घरी उसवू नका.

खर्च किती येतो? फोनवर सांगाल का?

कपडा बघितल्याशिवाय सांगत नाही, कारण दर ठरतो तो आत काय काय सोडावं लागतं यावर. क्रम मात्र सांगता येतो. पँटची कंबर आणि शर्टाच्या बाजू सगळ्यात स्वस्त. त्यावर पूर्ण पँट बारीक करणं आणि टक्स बदललेला ब्लाउज. त्यावर कोटाची पाठ आणि बाजू, आणि सगळ्यात वर कोटाचा खांदा. नवीन शिवायला जी शिलाई लागेल तिच्या निम्म्याहून जास्त खर्च अल्टरला येत असेल तर कापडाकडे पुन्हा एकदा बघा. लोकरी कापड, रेशीम, हातमाग असेल तर करा, साधं टेरिकॉट असेल तर सोडून द्या.

सगळी पिशवी एकदम अल्टरला टाकू नका. एक पँट, एक शर्ट करून घ्या, आठवडाभर वापरा, धुवा, मग बाकीचे द्या.

माप द्यायला येताना काय लक्षात ठेवायचं?

कपडे धुऊन आणा. सुती कापड धुतल्यावर आटतं आणि न धुता घेतलेलं माप चुकतं. ज्या बुटांवर पँट घालणार ते बूट, ज्या अंतर्वस्त्रांवर ब्लाउज घालणार ती घालून या. पाकीट आणि मोबाइल नेहमीच्या खिशात असू द्या. माप घेताना पोट आत ओढू नका. आपण नेहमी जसे उभे राहतो तसेच उभे राहा, आणि पँटचं माप एकदा बसूनही तपासायला सांगा.

किती दिवस लागतात, आणि कधी आणणं बरं?

पँट-शर्ट दोन-तीन दिवसांत होतात. कोटाला आठ-दहा दिवस लागतात, कारण मधे एक ट्रायल असते आणि ती आम्ही चुकवत नाही. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत नवीन शिलाईची गर्दी असते आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नाचे कपडे सुरू होतात, तेव्हा अल्टरचं काम मागे पडतं. श्रावण-भाद्रपदात आणलेत तर निवांत हाताने होतं. नाशकात डिसेंबर-जानेवारीत थंडी चांगली पडते आणि लोकरी कोट तेव्हाच बाहेर निघतात, पण ते पावसाळा संपताच एकदा उन्हात झटकून घालून बघा. ढगळ वाटले तर लगेच आणा. लग्नाची तारीख ठरली असेल तर ती कपडे देतानाच सांगा, डिलिव्हरीच्या तारखेखाली तीही बिलावर लिहून घेतो.